आधी पोते हलके करा, मग प्रशिक्षण द्या

गेल्या काही वर्षांत पुण्यात कर्मचारी-प्रशिक्षणाला बरे दिवस आले आहेत. चाकण-हिंजवडीतल्या कंपन्या ते करतच होत्या, आता पेठांतली दुकानेही करू लागली आहेत. साड्यांची दुकाने, सराफी पेढ्या, मिठाईवाले, क्लासवाले, छापखाने, सगळे आपल्या माणसांना एखाद्या सभागृहात बसवून दिवसभर व्याख्यान ऐकवतात. या व्याख्यानांत दोन शब्द हमखास येतात. एक 'लीन', म्हणजे सुटसुटीत, फाफटपसारा नसलेले काम. दुसरा 'केअरिंग', म्हणजे आपुलकीचे वातावरण. दोन्ही शब्द चांगले आहेत आणि माझे भांडण शब्दांशी नाही. भांडण आहे ते या दोन्ही शब्दांचा सगळा भार नोकराच्याच डोक्यावर टाकण्याशी. सुटसुटीत म्हणजे माणसे कमी करायची, आणि आपुलकी म्हणजे जी उरली त्यांना हसत राहायला शिकवायचे, असा अर्थ आज रूढ झाला आहे. सडपातळ माणूस आणि उपाशी माणूस यांत फरक असतो. आपल्या मालकांना तो दिसत नाही, आणि प्रशिक्षक तो दाखवत नाहीत, कारण त्यांचे बिल मालक देतो.

म्हणून आधी हा शब्द कुठून आला ते पाहू.

'लीन' हे नाव अमेरिकन माणसांनी दिले. जॉन क्राफचिक याने १९८८ मध्ये ते वापरले आणि १९९० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी मोटार उद्योगावर लिहिलेल्या पुस्तकातून ते जगभर गेले. पण ज्या पद्धतीला हे नाव मिळाले ती जपानच्या टोयोटाची, आणि तिचे मूळ मोटारीत नसून मागात आहे. साकिची टोयोदा हा सुताराचा मुलगा. त्याने १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला त्याची खुबी अशी की धागा तुटला की माग आपोआप थांबे. पुढे १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला एक लाख पौंडांना विकले गेले आणि त्या पैशाचा आधार मोटारीच्या कामाला मिळाला.

हे मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्या मागावर उभ्या राहिल्या त्यांना ठाऊक आहे की तुटलेला धागा वेळीच दिसला नाही तर पुढचे वारभर कापड वाया जाते. टोयोटाने हीच गोष्ट माणसांच्या कामाला लावली. गाडी जोडणाऱ्या रांगेतल्या साध्या कामगाराला काही चुकते आहे असे वाटले की तो दोरी ओढतो. मुकादम धावत येतो आणि मदत करतो. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर रांग थांबते. काम थांबवण्याचा अधिकार सर्वांत खालच्या माणसाच्या हातात दिला, हा या पद्धतीचा गाभा आहे. बाकीचे फलक, रंगीत पट्ट्या आणि तक्ते हे सगळे नंतरचे.

टोयोटातच तीन शब्द एकत्र शिकवले जातात. मुदा, मुरा आणि मुरी. मुदा म्हणजे वाया जाणारे श्रम आणि सामान. मुरा म्हणजे कामाचा चढउतार, एक दिवस हात रिकामे आणि दुसऱ्या दिवशी मान मोडेस्तोवर. मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही असा बोजा. तिघे एकमेकांत गुंतलेले आहेत. चढउतार असला की बोजा वाढतो, बोजा वाढला की चुका होतात आणि चुका झाल्या की माल वाया जातो. आपल्याकडे येता येता यातला एकच शब्द उरला, मुदा. 'वाया घालवू नका' हे नोकराला सांगणे सोपे आहे. 'झेपेल तेवढेच लादा' हे मालकाला सांगायचे तर प्रशिक्षकाला पुढच्या वर्षीचे आमंत्रण मिळत नाही.

आणखी एक गोष्ट व्याख्यानांत कधी येत नाही. १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती, माणसे कमी करावी लागली, मोठा संप झाला. तेव्हा कंपनीचा प्रमुख किइचिरो टोयोदा याने स्वतः राजीनामा दिला. माणसे काढण्याची वेळ येणे हे आपले अपयश आहे, असे मानून प्रमुखाने खुर्ची सोडली, आणि त्यानंतर उरलेल्यांना दीर्घ नोकरीची हमी मिळाली. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ते भविष्यासाठी सज्ज होण्याच्या भाषेत जाहीर झाले. राजीनामा मागितला गेला तो खालच्यांकडे.

शनिवार पेठेत काय दिसते

ज्या शनिवार पेठेविषयी मी लिहितो आहे तिचे जुने नाव मुर्तझाबाद. पेशव्यांनी १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला त्याच्याही आधीची ही वस्ती. आज इथे एका बाजूला ओंकारेश्वर आणि नदी, दुसऱ्या बाजूला अप्पा बळवंत चौकाची पुस्तकांची गर्दी, मधे रमणबाग शाळा आणि गल्ल्यागल्ल्यांत छोटे छापखाने, बांधणीवाले, प्रकाशकांची गोदामे, खाणावळी, शिवणकामाची दुकाने. मोठा कारखाना एकही नाही. पण दोन, चार, सात माणसे कामाला असलेल्या जागा इतक्या आहेत की सगळ्या मिळून एक मोठा कारखानाच होतो. फक्त तो कुणाला दिसत नाही, कारण त्याला एक गेट नाही आणि एक मस्टर नाही.

मुरा म्हणजे काय हे पाहायचे असेल तर जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात जावे. शाळा सुरू होण्याचे ते दोन-तीन आठवडे. पुस्तकविक्रेत्याकडचा मुलगा सकाळी उभा राहतो तो रात्रीच उतरतो. बांधणीवाल्याकडे दिवाळी अंकांच्या दिवसांत तेच. कपड्यांच्या दुकानात लग्नसराईत तेच. ही गर्दी दरवर्षी येते, ठरलेल्या तारखांना येते, तरीही दरवर्षी ती अचानक आल्यासारखी नोकराच्या पाठीवर घातली जाते. जी गोष्ट पंचांगात आहे तिचे नियोजन न करणे ही मालकाची चूक आहे. तिला 'टीम स्पिरिट'चा अभाव म्हणणे ही लबाडी आहे.

अशाच एका प्रशिक्षणाला मी पेठेतल्या एका सभागृहात बसलो होतो. दुकानाचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण ते कोणतेही असू शकते. विक्रीकाउंटरवर काम करणाऱ्या पंधरा-वीस मुली आणि बायका होत्या. प्रशिक्षक बोलण्यात हुशार होते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून हसावे, नाही म्हणू नये, घरचा ताण घरी ठेवून यावे, प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवावी, असे त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवून सांगितले. शेवटी प्रश्न विचारायला सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "गिऱ्हाईक नसताना बसायला एखादे स्टूल मिळेल का? संध्याकाळपर्यंत पाय सुजतात." प्रशिक्षक म्हणाले, "ताई, हा आजच्या सत्राचा विषय नाही, तो मॅनेजमेंटचा विषय आहे." पुढच्या रांगेत मॅनेजमेंट बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिले.

मला विचाराल तर त्या दिवसाचा खरा विषय तोच होता. टोयोटाच्या रांगेत कामगार जी दोरी ओढतो ती त्या बाईंनी ओढली होती. धागा इथे तुटतो आहे, असे त्या सांगत होत्या. ज्याला ती पद्धत कळते तो व्याख्यान तिथेच थांबवून स्टूल कुठे ठेवता येईल ते पाहायला गेला असता. शिवाय स्टुलाचा प्रश्न परवडण्याचा नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकान कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. तिथली साड्यांची दुकाने काही बंद पडली नाहीत.

कायदा कुणाला विचारतो

महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी, आठवड्याची सुट्टी, हे सगळे त्यात मुळात होते. पण हा कायदा २०२५ पर्यंत पूर्णपणे लागू होता तो १० किंवा अधिक माणसे असलेल्या जागेला. त्याखालच्या मालकाने फक्त ऑनलाइन कळवायचे. म्हणजे शनिवार पेठेतला बहुतेक नोकर या कायद्याच्या दाराबाहेर उभा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ज्या बदलांना मान्यता दिली त्यांत ही मर्यादा १० वरून २० वर नेली, दिवसाचे तास ९ वरून १० केले, विश्रांती ५ ऐवजी ६ तासांनंतर, आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर. कारखान्यांत रोजचे तास १२ पर्यंत नेण्याची मोकळीक. कारण सांगितले गेले ते गुंतवणुकीचे आणि व्यवसाय-सुलभतेचे.

यात आपुलकी कुठे आहे? एकीकडे मोठे उद्योगपती आठवड्याला ७० तास आणि ९० तास काम करण्याचे सल्ले देतात, दुसरीकडे सरकार घड्याळ सैल करते, आणि तिसरीकडे प्रशिक्षक नोकराला 'वर्क-लाइफ बॅलन्स' शिकवतो. तोल सांभाळायचा तो त्यानेच, तराजू मात्र दुसऱ्याच्या हातात.

शिकलेल्यांचे, चांगल्या पगाराचे काय होते तेही याच शहराने पाहिले. जुलै २०२४ मध्ये ईवाय समूहाच्या पुणे कार्यालयात नुकतीच लागलेली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी गेली. नोकरीला चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये सगळ्या देशाने वाचले. रात्री उशिरापर्यंतचे काम, सुट्टीच्या दिवशी दिलेले काम आणि अंत्यसंस्काराला कार्यालयातून कोणी न येणे, हे सारे त्या आईने लिहिले होते. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलेले नाही. पण नंतरच्या तपासणीत, २००७ पासून चाललेल्या त्या कार्यालयाची दुकाने कायद्याखाली नोंदणीच नव्हती असे कामगार खात्याला आढळल्याच्या बातम्या आल्या. मोठ्या कंपनीत प्रशिक्षणाची कमतरता नक्कीच नव्हती. कमतरता होती ती थांबवणारी दोरी हातात असण्याची.

त्याच महिन्यात केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एका शिक्षणसंस्थेत बोलताना, नाव न घेता, या घटनेचा उल्लेख केला. ताण कसा पेलायचा ते घरच्यांनी शिकवावे, आतले बळ श्रद्धेतून येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टीका झाल्यावर त्यांनी खुलासाही केला. मी त्यांच्या हेतूवर बोलत नाही. मी त्या विचाराच्या दिशेवर बोलतो आहे. बोजा किती असावा हे कोणी विचारत नाही, बोजा पेलणाऱ्याने खांदे मजबूत करावेत एवढेच सुचते. श्रद्धेचा माणूस म्हणून मला हे जास्त खटकते. श्रद्धा माणसाला उभे राहायला बळ देते हे खरे, पण तिचा उपयोग दुसऱ्याच्या पाठीवर आणखी एक पोते ठेवण्यासाठी करता येत नाही.

हमालांनी शिकवलेला धडा

पोत्याचे नाव उगाच घेतले नाही. पुण्याला या विषयात जपानकडे पाहण्याची फारशी गरज नव्हती. डॉ. बाबा आढावांनी गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात पुण्याच्या बाजारात हमाल पंचायत उभी केली. ज्या काळात हमालाच्या पाठीवर १०० किलोचे पोते चढवणे रीतीचे मानले जात होते त्या काळात त्यांनी विचारले की पोते एवढे का? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने नेण्याच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. हमाल पंचायतीने ५० किलोच्या पोत्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला आणि पोते हलके झाले. मुरी कमी करणे म्हणतात ते हेच. हमालाला पाठ ताठ ठेवण्याचे प्रशिक्षण देऊन त्यांनी वेळ मारून नेली नाही, त्यांनी पोते बदलले.

१९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यात एक शहाणी युक्ती आहे. हमाल एका मालकाचा नसतो, तो सकाळी एकाचा आणि दुपारी दुसऱ्याचा माल उतरवतो. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? कायद्याने मंडळ नेमले. व्यापाऱ्यांनी मजुरी आणि तिच्यावरचा लेव्ही मंडळात भरायचा, मंडळाने हमालाला पगार, निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी द्यायचे. अनेक छोट्या मालकांची मिळून एक जबाबदारी तयार झाली. आणि १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू झाली, जिथे राबणाऱ्याला परवडणाऱ्या दरात पोटभर जेवण मिळते. आपुलकी म्हणजे भिंतीवरचा फलक नव्हे, ती दुपारी दोन वाजता ताटात दिसली पाहिजे, हे हमालांना कोणत्याही सल्लागाराशिवाय कळले होते.

त्याहीआधी नारायण मेघाजी लोखंडे होते. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक विचारांच्या या माणसाने सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी कर्मचाऱ्यांना 'मोटिव्हेशन'च्या शिबिराला बोलावले जाते तो रविवार असा मिळवलेला आहे. तो परत घेण्याचा अधिकार कुठल्याही मॅनेजरला नाही.

प्रशिक्षणाच्या वेळेचा हा मुद्दा किरकोळ नाही. २००२ मध्ये टोयोटाच्याच कारखान्यात ३० वर्षांचा एक कामगार अतिश्रमाने कामावर कोसळून गेला. त्याच्या पत्नीने दाद मागितली. २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने निकाल दिला की कामाच्या तासांनंतर 'स्वेच्छेने' चालणाऱ्या गुणवत्ता-मंडळाच्या बैठका हेसुद्धा कामच होते. ज्या कारखान्याचे दाखले आपले प्रशिक्षक देतात तिथलाच हा निकाल आहे. टोयोटा म्हणजे काही जन्नत नव्हे. तिथेही बोजा विसरला गेला तेव्हा माणूस मेला. म्हणून सांगतो, सुट्टीच्या दिवशी किंवा दुकान बंद झाल्यावर घेतलेले प्रशिक्षण हे जादा काम आहे, आणि त्याची मजुरी दुप्पट दराने दिली पाहिजे.

आता आपल्या घरात पाहू

इथपर्यंत वाचताना माझ्या अनेक मुस्लिम वाचकांनी मान डोलावली असेल. आता त्यांच्याशी बोलायचे आहे.

'हमाल' हा शब्द अरबी, 'मजूर' फारसी, 'उस्ताद' आणि 'कारखाना' फारसी. आपण मराठीत जी 'रजा' घेतो ती मूळ अरबी 'रिझा', म्हणजे संमती, राजीखुशी. कामाची एवढी भाषा आपल्या वाटेने मराठीत आली. पण आपल्या बेकऱ्यांत, गॅरेजांत, बिर्याणीच्या हॉटेलांत आणि जरीच्या खोल्यांत रजा कुणाला मिळते? भट्टीशेजारीच झोपणारी आणि पहाटे तीनला उठणारी पोरे कुणाची आहेत? ज्याचे खरे नाव मालकाला माहीत नाही असा 'छोटू' गॅरेजात दिवसभर ग्रीसमध्ये हात घालतो तेव्हा त्याला आपण 'शागिर्द' म्हणतो आणि काम शिकवतोय असे समाधान मानतो. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच धंद्यांत बंदी आहे. त्याला शागिर्दी म्हटल्याने गुन्हा पुण्य होत नाही.

उस्ताद-शागिर्द ही आपली जुनी प्रशिक्षणपद्धत, आणि तिच्यात चांगले पुष्कळ होते. उस्ताद शेजारी बसून शिकवत असे, चूक झाली तर हात धरून दुरुस्त करत असे, आणि एक दिवस शागिर्दाला स्वतःचे दुकान थाटून देत असे. आज त्यातली सेवा उरली, शिकवणे गेले. दहा वर्षे चाक उघडणाऱ्या मुलाला इंजिन उघडू दिले जात नाही, कारण शिकला तर निघून जाईल. ही भीती म्हणजे शिकवण्याचा शेवट आहे.

जुम्म्याच्या खुत्ब्यात आपण ऐकतो की मजुराचा घाम वाळायच्या आत त्याचा मोबदला द्यावा. हे सर्वांना पाठ आहे. त्याच परंपरेत आणखी एक शिकवण आहे, जी आपण कमी सांगतो. हाताखालच्या माणसांना भाऊ मानावे, आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे, झेपणार नाही असे काम त्यांच्यावर लादू नये, आणि लादावेच लागले तर स्वतः हात लावावा. मुरी हा जपानी शब्द जगाने शिकायच्या चौदाशे वर्षे आधी हे सांगून झाले होते. तरीही पगार तीन महिने तटवणारा मालक पहिल्या सफमध्ये नमाजाला उभा राहतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. मशिदीच्या कमिटीने हिशेब मागायचाच असेल तर इथून सुरुवात करावी.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूलाही सांगणे आहे. ज्या कंपन्या 'आमचे कुटुंब' अशी भाषा करतात त्यांच्या कुटुंबात कोणाला प्रवेश मिळतो? सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना एकसारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला फक्त एक-तृतीयांश निघाली. म्हणजे प्रशिक्षणाच्या खोलीत कोण बसणार हे दाराशीच ठरते. मग आत विविधतेवर कितीही छान व्याख्याने झाली तरी ऐकणारे सगळे एकाच पेठेतले असतात. निवड करणाऱ्यांना आधी प्रशिक्षण द्या. अर्जावरचे नाव झाकून पात्रता वाचायला शिकवा. एवढे झाले तर रमजानमध्ये इफ्तारला दहा मिनिटे, एकादशीच्या उपासाला खिचडी आणि शुक्रवारी अर्धा तास देणे आपोआप सुचेल, कारण ती माणसे समोर बसलेली असतील.

'परवडत नाही' या उत्तराला उत्तर

मालकांचे उत्तर मला माहीत आहे. धंदा छोटा आहे, भाडे वाढले, ऑनलाइनवाल्यांनी गिऱ्हाईक नेले, चार माणसांना कोणत्या सोयी देणार? यातली अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण दोन गोष्टी पाहा.

पहिली, ज्याला तुम्ही काटकसर समजता ती उधळपट्टी आहे. पुस्तकांच्या दुकानातला जुना माणूस कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे न पाहता सांगतो. साडीच्या दुकानातली अनुभवी बाई गिऱ्हाइकाच्या पहिल्या वाक्यावरून कोणता गठ्ठा काढायचा ते ओळखते. अशा माणसाला थकवून घालवले की नव्या माणसाला तेच शिकायला कित्येक महिने लागतात. हिशेबाच्या वहीत हे नुकसान लिहिलेले नसते, म्हणून ते दिसत नाही. मुदा शोधायचाच असेल तर सर्वांत मोठा मुदा हा आहे.

दुसरी, एकट्याला परवडत नाही ते मिळून परवडते. माथाडी मंडळाने हेच दाखवले. शनिवार पेठेतल्या एका गल्लीतल्या पंधरा दुकानांनी मिळून कामाच्या बायकांसाठी एक स्वच्छ स्वच्छतागृह, डबा खायला आणि पाठ टेकायला एक खोली, हंगामात एकमेकांना मदतीला पाठवायची माणसांची यादी आणि कामाच्या वेळेतले एक प्रशिक्षण चालवले तर कोणाच्या कंबरेवर ओझे पडेल? व्यापारी मंडळे गणपतीत मांडव घालतात, जयंतीला मिरवणुका काढतात. एवढे संघटन ज्यांच्याकडे आहे त्यांना हे अवघड नाही.

सरकारलाही विचारण्यासारखे आहे. केंद्राने १० मार्च २०२३ रोजी लघुउद्योगांसाठी 'लीन' योजना नव्याने सुरू केली. बेसिक, इंटरमिजिएट आणि अॅडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या आहेत आणि सल्लागाराचा ९० टक्के खर्च सरकार देते. हा पैसा त्या कामगाराच्या खिशातल्या करातूनही येतो. मग कारखान्याला प्रमाणपत्र देताना फक्त सामान जागच्या जागी आहे का एवढेच पाहून कसे भागेल? तास किती, दुखापती किती, सोडून जाणारी माणसे किती आणि का, कामगाराने गेल्या वर्षी सुचवलेल्या किती गोष्टी अमलात आल्या, हे विचारल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये.

प्रशिक्षण नको, असे मी म्हणत नाही. प्रशिक्षण हवेच. पण ते वरून सुरू झाले पाहिजे. पहिला दिवस मालकाचा आणि मॅनेजरचा. त्यांनी आपल्या काउंटरवर एक पूर्ण दिवस उभे राहावे, न बसता, ठरलेल्या वेळेलाच स्वच्छतागृहात जाऊन. दुसरा दिवस ऐकण्याचा, ज्यात नोकर बोलतील आणि मालक लिहून घेईल. तिसऱ्या दिवशी जे लिहिले त्यातले एक तरी काम संध्याकाळपर्यंत करून दाखवावे. त्यानंतर खुशाल पडद्यावर चित्रे लावा आणि गिऱ्हाइकाशी कसे बोलावे ते शिकवा. तेव्हा नोकर ऐकेल, कारण त्याचे ऐकले गेलेले असेल.

आणि ज्या मालकाला एवढेही जमणार नाही त्याने निदान हसण्याचे प्रशिक्षण देण्याचा खर्च वाचवावा आणि त्या पैशात चार स्टुले घ्यावीत.